लेकीबाळींची नोंद

जुन्या घरांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेले एखादे दप्तर असते. त्यात जमिनीचे कागद, जन्मटिपणे आणि एखादी वंशावळ हमखास सापडते. मूळपुरुषापासून आठ-दहा पिढ्यांची नावे तीत ओळीने मांडलेली असतात. कोणास वतन मिळाले, कोण लढाईत पडला, कोण निपुत्रिक वारला, हेही कित्येकदा नमूद असते. परंतु त्या कागदावर लेकींची नावे शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी येते. लेक लग्न होऊन गेली की तिचे आडनाव बदलते, पुष्कळदा नावही बदलते, आणि माहेरच्या कागदांतून ती नाहीशी होते. सासरच्या कागदांत ती कोणाची तरी भार्या म्हणून उरली तर उरते. ती स्वतः कशाने वारली, तिची आई कशाने वारली, तिच्या बहिणींचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवीत नाही.

आजच्या भाषणाचा विषय वंशावळ हा नव्हे. तो स्तनाचा कर्करोग हा आहे. या रोगासंबंधी गेल्या सव्वाशे वर्षांत जे ज्ञान मिळाले त्यातील दोन शोध सर्वांत महत्त्वाचे होत. पहिला असा की, शरीरातील काही संप्रेरकांची आज्ञा ऐकणारे ग्राही पदार्थ कित्येक गाठींच्या पेशींत असतात. दुसरा असा की, पेशीतील आनुवंशिक द्रव्यास, म्हणजे डीएनएला झालेली मोडतोड दुरुस्त करण्याची शक्ती काही घराण्यांत जन्मतःच उणी असते. हे दोन्ही शोध प्रयोगशाळेतले दिसतात, आणि तसे ते आहेतही. तथापि त्यांचा इतिहास पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, जेथे जेथे कोणी स्त्रियांच्या आजाराची चिकाटीने नोंद केली तेथे तेथे हे ज्ञान पुढे सरकले. या नोंदीचा एक धागा आपल्या धाराशिव जिल्ह्यातील भूम आणि परंडा या तालुक्यांपर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

आरंभ इटलीतून करू. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हा वैद्य निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांना होणाऱ्या रोगांचा अभ्यास करीत असे. मठांतून आजन्म ब्रह्मचर्याने राहणाऱ्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक होतो, असे त्याने १७१३ साली लिहून ठेविले. त्याचे कारण त्यास सांगता आले नाही. पण बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांचा या रोगाशी काही संबंध असावा, अशी शंका तेव्हापासून वैद्यांच्या मनात घर करून राहिली. पुढे १९२६ साली इंग्लंडात जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीने रोग झालेल्या पाचशे आणि न झालेल्या पाचशे स्त्रियांस तेच ते प्रश्न विचारून दोहोंची तुलना केली, तेव्हा ती शंका पुष्कळ अंशी खरी ठरली. उशिरा लग्न झालेल्या, कमी मुले झालेल्या व अंगावर कमी पाजलेल्या स्त्रियांत हा रोग अधिक आढळला.

दुसरी नोंद फ्रान्समधील. पॉल ब्रोका या विख्यात शस्त्रवैद्याने १८६६ साली एका कुटुंबाची चार पिढ्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या कुटुंबातील स्त्रियांमागून स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाने मरण पावल्या होत्या. ते कुटुंब त्याच्या पत्नीच्या माहेरचे होते. आपल्या बायकोच्या आईची, आजीची आणि मावश्यांची वंशावळ एका नवऱ्याने मांडावी, ही गोष्ट त्या काळी तिकडेही विरळाच असली पाहिजे. रोग रक्तातून येतो की कसा, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. परंतु ब्रोकाचा तो कागद राहिला, आणि शंभर वर्षांहून अधिक काळाने त्याचा अर्थ लागला.

संप्रेरकांचा धागा स्कॉटलंडात हाती लागला. जॉर्ज बीट्सन हा डॉक्टर तरुणपणी दूध कसे उत्पन्न होते याचा अभ्यास करीत असता त्याच्या कानावर असे आले की, काही देशांत गाय दीर्घकाळ दुभती राहावी म्हणून तिचे बीजांडकोश काढून टाकतात. बीजांडकोश कोठे आणि कास कोठे! मध्ये एकही मज्जातंतू नसता एकाचा अंमल दुसऱ्यावर चालतो कसा, हा प्रश्न त्याच्या मनात राहिला. पुढे ग्लासगो येथे तेहतीस वर्षांची एक स्त्री त्याच्याकडे आली. तिचा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला होता. बीट्सनने तिचे बीजांडकोश काढले आणि काही महिन्यांत त्या गाठी विरून गेल्या. ही हकीकत १८९६ साली प्रसिद्ध झाली. परंतु हाच उपाय इतर स्त्रियांवर करू जाता कोणाला गुण आला, कोणाला मुळीच आला नाही. असे का व्हावे, याचा उलगडा होण्यास आणखी साठ वर्षे लागली.

दरम्यान उंदीर शास्त्रज्ञांच्या मदतीस आले. पॅरिस येथे आंत्वान लाकासान्य याने १९३२ साली नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचले असता त्या नरांच्या स्तनग्रंथींत कर्करोग उद्भवला. अमेरिकेत जॉन बिटनर याने १९३६ साली दाखविले की, उंदरांच्या काही वाणांत हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो; तो दुधातील घटक म्हणजे एक विषाणू होय, हे मागाहून सिद्ध झाले. वंश, संप्रेरक आणि विषाणू असे तीन आरोपी आता समोर उभे राहिले.

याच सुमारास आपल्या मुंबईचे नाव या इतिहासात येते. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे उघडले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. रोग्याचा देह तपासावयाचा तो त्याच्या जातिधर्मासह, चालीरीतींसह आणि आहारविहारासह, ही त्यांची दृष्टी होती. मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तनाचा आणि इतर पुष्कळ समाजांतील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळतो, अशा प्रकारच्या तुलना याच रुग्णालयाच्या दप्तरातून पुढे आल्या.

डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पुण्याची एक कन्या काम करू लागली. तिचे माहेरचे नाव कमल समर्थ. तिचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. पण तिने वनस्पतिशास्त्र घेतले, सीताफळाच्या कुळातील झाडांच्या गुणसूत्रांवर प्रबंध लिहिला, आणि विवाहानंतर कमल रणदिवे या नावाने ती मुंबईस कर्करोगाच्या संशोधनाकडे वळली. कर्करोगास कमीअधिक बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वाणांच्या स्तनग्रंथींची तुलना हा त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता. ती पदवी त्यांना १९४९ साली मुंबई विद्यापीठाने दिली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेच्या भांड्यात वाढविण्याची विद्या त्या शिकल्या आणि स्वदेशी परत येऊन इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये या विद्येची देशातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभारली. वंश, संप्रेरक आणि विषाणू यांचा परस्परांशी संबंध काय, हाच त्यांच्या शोधाचा गाभा होता. विषाणूचा आरोप मनुष्यांच्या बाबतीत टिकला नाही. पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे कण दिसल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झाले होते, पण त्यापासून मनुष्यात रोग होतो असे सिद्ध होऊ शकले नाही. राहिलेले दोन आरोपी मात्र पुढे खरे ठरले. कमलबाईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. समर्थांच्या लेकीचे नाव एवढ्यासाठी तरी नोंदले गेले, ही समाधानाची गोष्ट होय.

आता त्या दोन आरोपींकडे क्रमाने पाहू.

संप्रेरक रक्तावाटे साऱ्या देहात फिरते. मग त्याचा परिणाम गर्भाशयावर व स्तनावर व्हावा आणि दंडाच्या स्नायूवर होऊ नये, हे कसे? खेड्यात दवंडी पिटतात ती सर्वांच्याच कानी पडते. पण ज्याचा सारा थकलेला असतो तोच उठून चावडीकडे जातो. तसेच काहीसे येथे आहे. शिकागो येथील एलवुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण केली आणि ते जनावराच्या शरीरात सोडले. गर्भाशयासारख्या अवयवांनी ते धरून ठेवले. इतरांनी धरले नाही. म्हणजे त्या अवयवांच्या पेशींत इस्ट्रोजेन पकडणारे काही तरी असले पाहिजे. १९५८ साली व्हिएन्ना येथील परिषदेत त्यांनी हे सांगितले, तेव्हा ऐकावयास मोजकीच मंडळी होती. त्या ‘काही तरी’ला इंग्रजीत रिसेप्टर म्हणतात, आपण त्याला ग्राही म्हणू. हा ग्राही पेशीच्या केंद्रकात असतो, संप्रेरक येऊन त्याला चिकटले की तो डीएनएवर जाऊन बसतो, आणि वाढ, विभागणी इत्यादी कामे करणारी जनुके जागी करतो. बीट्सनच्या कोड्याचे उत्तर येथे मिळाले. ज्या गाठींत ग्राही होते त्या संप्रेरकाच्या अभावी वाळल्या. ज्यांत नव्हते त्यांना बीजांडकोश असला काय आणि नसला काय, सारखेच.

मग बीजांडकोश काढण्याऐवजी ग्राहीचेच तोंड बंद करता येणार नाही काय? इंग्लंडातील आयसीआय या कारखान्यात १९६२ साली डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने एक पदार्थ तयार केला. तो गर्भनिरोधासाठी योजिला होता आणि त्या कामी तो निरुपयोगी ठरला. पण तोच पदार्थ ग्राहीवर जाऊन बसतो व संप्रेरकाला जागाच देत नाही, असे दिसून आले. मँचेस्टर येथील क्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल यांनी तो रोगिणींना देऊन पाहिला आणि १९७१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेच टॅमॉक्सिफेन. ग्राही असलेल्या गाठीची शस्त्रक्रिया झाल्यावर ही गोळी पाच वर्षे घेतल्यास पुढील पंधरा वर्षांतील त्या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात, असे मोठ्या पाहण्यांतून सिद्ध झाले आहे. ही गोळी स्वस्त आहे आणि तोंडाने घ्यावयाची आहे. गोळीचा लाभ कोणाला आणि कोणाला नाही, हे मात्र ग्राहीची तपासणी केल्यावाचून समजत नाही. ही अट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तीच महत्त्वाची ठरणार आहे.

दुसरा आरोपी वंश. पेशीतील डीएनए ही जणू एक पोथी आहे, आणि पेशी दुभंगताना तिची नक्कल करावी लागते. नक्कल करताना चुका होतात. शिवाय पाने झिजतात, चिरतात, कधी कधी आरपार फाटतात. म्हणून पेशीत दुरुस्ती करणारे कारागीर ठेवलेले असतात. लहानशी चीर पडली तर ती तेथल्या तेथे चिकटविणारे कारागीर निराळे. पान आरपार फाटले तर मात्र दुसरी प्रत समोर उघडून, तीवरून मजकूर पडताळून, फाटलेले पान जुळवावे लागते. हे काम करणारे आणखी निराळे. डीएनए दुरुस्तीच्या या विद्येसाठी लिंडाल, मॉड्रिच आणि सांजार या तिघांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्रोकाच्या पत्नीच्या माहेरी काय झाले असावे, याचा अंदाज आता करता येतो. अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी ज्या घराण्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या दिसतो अशा घराण्यांच्या वंशावळी जमविल्या आणि १९९० साली दाखवून दिले की, दोषी जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते प्रत्यक्ष सापडले. त्याला बीआरसीए-१ असे नाव आहे. पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ हाती आले. आरपार फाटलेले पान दुसऱ्या प्रतीवरून जुळविणाऱ्या कारागिरांपैकी हे दोघे होत. त्यांपैकी एकात जन्मजात बिघाड घेऊन आलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षे वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव असतो. हा बिघाड आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. वडिलांना स्वतःला काहीही न होता तो आत्याकडून भाचीकडे पोहोचल्यासारखा दिसतो.

या दुबळेपणातूनच औषधही निघाले. २००५ साली इंग्लंडातील दोन गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले की, बीआरसीए नसलेल्या पेशींत लहान चिरा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, म्हणजे पार्प नावाच्या विकराला अडविले, तर त्या पेशी मरतात. निरोगी पेशीचे एक कारागीर बंद पडले तरी दुसरे शाबूत असते. रोगी पेशीचे दोन्ही जातात आणि पोथी वाचण्याजोगीच राहत नाही. ओलापारिब हे औषध या तत्त्वावर आधारलेले आहे. ग्राहींपैकी एकही नसलेल्या गाठींवर आपल्या टाटा स्मारक रुग्णालयातही २०१० पासून दहा वर्षे सातशेहून अधिक स्त्रियांवर प्रयोग झाला. डीएनए तोडणारे कार्बोप्लॅटिन हे जुने औषध नेहमीच्या उपचारास जोडल्याने पन्नाशीच्या आतील स्त्रियांना स्पष्ट लाभ झाला, असे त्यात आढळले.

संप्रेरक आणि दुरुस्ती या गोष्टी परस्परांपासून अगदी अलग नाहीत. संप्रेरक पेशीला दुभंगण्याची आज्ञा देते. पेशी जितके वेळा दुभंगेल तितके वेळा पोथीची नक्कल होणार, आणि तितके वेळा चूक घडण्याची संधी येणार. दुरुस्ती चोख असेल तर ती चूक निभावते; नसेल तर साठत जाते. बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांनी स्तनाची पेशी पक्व होते व पाळीच्या फेऱ्याही काही काळ थांबतात. तीस देशांतील पाहण्या एकत्र करून २००२ साली काढलेला हिशेब असा की, दर बाळंतपणामागे धोका सुमारे शेकडा ७ आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे शेकडा ४.३ एवढा घटतो. रामाझ्झिनीच्या जोगिणींचे कोडे अशा रीतीने सुटले.

येथवर आपण पॅरिस, ग्लासगो, शिकागो आणि मुंबई येथे फिरून आलो. या सर्व नोंदी शहरांतल्या होत्या. मुंबईत १९६३ साली लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग-नोंदणी सुरू झाली, तीही शहराचीच. खेड्यातील स्त्रीला कोणता कर्करोग होतो, किती होतो, ती कोणत्या अवस्थेत वैद्याकडे येते आणि पुढे तिचे काय होते, हे कोणासही ठाऊक नव्हते. कारण ती वैद्याकडे येतच नव्हती. आणि जी येत नाही तिची नोंद इस्पितळाच्या वहीत होणार कशी?

हा प्रश्न बार्शीने सोडविला. बार्शी सोलापूर जिल्ह्यात मोडते; तिला लागून असलेले भूम आणि परंडा हे तालुके धाराशिव जिल्ह्यात. १९४७ पर्यंत बार्शी इंग्रजी अंमलात होती, तर भूम-परंडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव त्याच अमदानीतले. ते बदलून धाराशिव हे जुने नाव २०२३ साली पुन्हा अधिकृत झाले. सरहद्द असली तरी या भागातील शेतकऱ्याचा बाजार बार्शीचा आणि वैद्यही बार्शीचाच. तेथे नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कर्करोग रुग्णालयात, डॉ. भगवान नेने आणि टाटा स्मारक केंद्राच्या कस्तुरी जयंत यांच्यासारख्या मंडळींच्या परिश्रमाने, १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतील साडेतीनशेच्या आसपास खेडी तिच्या कक्षेत होती.

शहरी नोंदणीचा कारकून इस्पितळांच्या वह्या उतरून घेतो. येथे वह्याच नव्हत्या. म्हणून नोंदणीची माणसे गावोगाव जाऊ लागली. सरपंच, शिक्षक, वडीलधारी मंडळी यांना भेटावयाचे, रोगाची लक्षणे समजावून सांगावयाची, कोणाला तसा त्रास आहे काय ते विचारावयाचे, आणि असल्यास त्या व्यक्तीला बार्शीस तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त करावयाचे, अशी ही पद्धत. पाहणी करता करताच लोकशिक्षण घडत गेले. त्याचा परिणाम असा झाला की, काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा अलीकडच्या, म्हणजे साध्य अवस्थेत येऊ लागल्या. विचारपूस हाच निम्मा उपाय ठरला.

या वहीने दोन गोष्टी दाखविल्या. एक ही की, खेड्यातील स्त्रीला तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक होत होता. दुसरी ही की, तिला स्तनाचा कर्करोग मुंबईच्या स्त्रीपेक्षा पुष्कळच कमी होत होता. लवकर लग्न, अधिक मुले आणि दीर्घकाळ अंगावर पाजणे यांचा हा परिणाम असावा, हे आपण पाहिलेल्या इतिहासावरून समजण्यासारखे आहे. परंतु राहणी बदलत आहे, आणि स्तनाचा कर्करोग आज साऱ्या भारतात स्त्रियांच्या कर्करोगांत पहिल्या स्थानी आला आहे. शिवाय रोग कमी म्हणून मरण कमी, असा हिशेब येथे चालत नाही. खेड्यातील स्त्री गाठ लपविते. पदराआड ती वाढते. दुखत नाही म्हणून तिकडे दुर्लक्ष होते, आणि दुखू लागते तेव्हा वेळ गेलेली असते.

याच जिल्ह्याने जगाला आणखी एक मोठी नोंद दिली. ती स्तनाच्या नव्हे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची असली तरी तिच्यातून निघणारा प्रश्न आपल्या विषयाचाच आहे. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट करून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा सहभाग होता. तीन प्रकारच्या तपासण्या तीन गटांना दिल्या. चौथा गट तुलनेसाठी तपासणीवाचून ठेविला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत त्या रोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेच्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे विषाणू-तपासणीची शिफारस केली, तिच्या आधारांत या अभ्यासाचे स्थान मोठे आहे.

तुलनेसाठी ठेविलेल्या स्त्रियांवरून पुढे वादही झाला. तपासणी उपयोगी पडण्याचा संभव दिसत असता इतक्या स्त्रियांना तिच्यावाचून ठेवणे न्याय्य होते काय, असे टीकाकारांनी विचारले. त्या काळी जिल्ह्यात अशी तपासणी मुळातच उपलब्ध नव्हती, त्यांचे काही काढून घेतले नव्हते, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. हा वाद येथे मिटवावयाचा नाही. परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य व्हावी. त्या चौसष्ट स्त्रियांची नोंद झाली म्हणून जगातील लक्षावधी स्त्रियांना वाट सापडली. हे ऋण आहे, आणि ऋण फेडावयाचे असते.

ते कसे फेडावयाचे, याचा विचार करताना ग्राहीच्या तपासणीकडे पुन्हा वळावे लागते. टाटा स्मारक रुग्णालयात तपासलेल्या ७९८ गाठींचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक-तृतीयांश गाठींतच इस्ट्रोजेनचा ग्राही सापडला. पाश्चात्य देशांत हे प्रमाण शेकडा सत्तरच्या आसपास. भारतीय स्त्रीची गाठ जात्याच निराळी, असा समज त्यामुळे पसरू लागला. त्यात तथ्यांश आहेच. आपल्याकडील रोगिणींचे वय कमी असते आणि कमी वयातील गाठींत ग्राही कमी आढळतो. परंतु त्याच रुग्णालयाने २००९ साली आपल्या आठ वर्षांच्या अनुभवाचा हिशेब मांडला तेव्हा हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले, आणि जुन्या कमी आकड्यांचे एक कारण तपासणीच्या रीतीतही असल्याचे दिसून आले.

ही रीत घरोघरी माहीत असावी इतकी साधी आहे. काढलेल्या गाठीचा तुकडा एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये घालावा लागतो, आणि तो त्यात सहा तासांहून कमी व बहात्तर तासांहून अधिक राहू नये. तुकडा नुसत्या मिठाच्या पाण्यात राहिला, किंवा पुरेसे फॉर्मॅलिन न घालता बाटली मोटारीतून दिवसभर प्रवास करीत शहरात पोहोचली, तर ग्राही नासून जातो आणि अहवालावर ‘ग्राही नाही’ असे उमटते. ग्राही असतो, नोंद मात्र नसल्याची होते. मग ज्या स्त्रीला स्वस्त गोळीने अनेक वर्षांचे आयुष्य मिळावयाचे, तिला ती गोळी कोणी देत नाही. जेन्सनची प्रतिभा आणि डोरा रिचर्डसनचे श्रम एका बाटलीतील चार घोट औषधी द्रवापाशी येऊन अडतात. तालुक्याच्या गावी गाठ काढणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ही बाटली आधी भरून ठेवलेली असावी, तिच्यावर तुकडा घातल्याची वेळ लिहिलेली असावी, आणि अहवालात ग्राहीचा उल्लेख नसेल तर रोगिणीच्या माणसांनी तो मागावा, एवढी ही गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट वेळेवर येण्याची. त्यासाठी मोठी यंत्रेच हवीत असे नाही. मुंबईतील गरीब वस्त्यांत १९९८ पासून १,५१,५३८ स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या अभ्यासात, शिकवून तयार केलेल्या साध्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्यामुळे रोग अलीकडच्या अवस्थेत सापडू लागला. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट निर्विवाद ठरली नाही. परंतु पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मृत्यू शेकडा तीसच्या आसपास घटले. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. भूम-परंड्यास गावोगाव फिरलेल्या माणसांनी जे केले, त्याचेच हे शहरातील प्रत्यंतर म्हणता येईल.

तिसरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. बीआरसीएची तपासणी आज मुंबईत व इतरत्र होते; पण ती कोणाची करावी हे ठरते कुटुंबाच्या हकीकतीवरून. डॉक्टर विचारतात की आईला, आजीला, मावशीला, आत्याला हा रोग होता काय, आणि कोणत्या वयात. पुष्कळ सुशिक्षित घरांतही याचे उत्तर मिळत नाही. आजी ‘पोटातल्या रोगाने’ गेली, आत्या ‘एकाएकी खंगली’, मावशी ‘तिकडेच, सासरी’ वारली, एवढेच कळते. ज्या लाजेने ती गाठ पदराआड राहिली, त्याच लाजेने तिच्या मरणाचे कारणही झाकून टाकले. त्याची किंमत नातीला द्यावी लागते.

म्हणून माळ्यावरचे ते दप्तर एकदा खाली काढावे. वंशावळीच्या कागदाशेजारी एक कोरा कागद घ्यावा आणि घरात जी सर्वांत वयोवृद्ध स्त्री असेल तिच्याजवळ बसावे. तिला तिच्या माहेरच्या बायकांची नावे विचारावी. कोण कोणत्या वयात गेली, कशाने गेली, हे विचारावे, आणि ती सांगेल तसे लिहून घ्यावे. वडिलांच्या बहिणींची आणि त्यांच्या लेकींची नावे विसरू नयेत. पहिल्या दिवशी ती फारसे बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.